पडघे ते हेवर्ड्‌स

६ मे, लोअर हट
रात्रभर वारा. खिडकी थडथडत होती. मुलगी म्हणते, वेलिंग्टनला सवय होते, बाबा. हीटरच्या बटणाशी हात अजून अडखळतो. वीज मंडळात जन्म गेला, वीज उधळायची सवय नाही.

८ मे
जावयांनी हेवर्ड्‌सच्या चढावर, डीसी लाइनच्या केंद्रापाशी गाडी थांबवली. "बाबा, हे तुमचं पडघे." कुंपणाबाहेरून पाहिलं. मनोऱ्याच्या दोनच बाजूंना तारा. तिसरी फेज नाही. डीसीच. ट्रान्सफॉर्मरची घुंई ओळखीची. १९६५ पासून चालू आहे हे. तेव्हा व्हॉल्व्ह पाऱ्याचे होते.

९ मे
झोप नाही.

११ मे
ही लाइन बेनमोर धरण ते हेवर्ड्‌स सुमारे ६१० कि.मी. त्यांतले ४० समुद्राखाली. दक्षिण बेटावर पाणी, उत्तर बेटावर माणसं. नात विचारते, साधी एसी का नाही पाठवत? म्हटलं, समुद्राखालची केबल एसीवर सेकंदाला पन्नासदा उलटसुलट भरावी लागते, दम त्यातच जातो. डीसीत एकदा भरली की भरली. तिने मान हलवली. मोबाइल सोडला नाही.

१४ मे
फेरीने पिक्टनला. नकाशावर कुक सामुद्रधुनीत केबलचा पट्टा आखलाय. तिथे नांगर टाकायचा नाही, मासे धरायचे नाहीत. पाणी शिशाच्या रंगाचं. मुलीने विचारलं, तिकीट पुढे ढकलायचं का? मी पाण्याकडे बघत राहिलो.

१९ मे
बातम्यांत दक्षिणेतल्या तलावांची पातळी. उतरलीय. थंडीत तिथल्या डोंगरांवर बर्फ साठतो, तलावात येत नाही. अशा कोरड्या दिवसांत उत्तरेची वीज दक्षिणेला जाते. आमची चंद्रपूर-पडघे डीसी लाइन ७५२ कि.मी.ची. वीज बहुतेक मुंबईकडेच यायची. विजेची दिशा उलटली तरी तारेतला करंट उलटत नाही. व्होल्टेजचं अधिकचं उणे होतं, एवढंच. नव्या पोरांना हे पटवताना फळा भरायचा.

२० मे
गुडघा.

२२ मे
रात्री अडीचला उठून हीटर बंद केला. पहाटे पाहिलं, चालू. कोणी काही बोललं नाही.

२४ मे
तिकीट ३० जूनवर गेलं. फरकाचे पैसे तिने भरले. रुपयांत किती, विचारलं. सांगितलं नाही.

२५ मे
जावयांकडून कळलं. सामुद्रधुनीतल्या केबल १९९१ च्या. आयुष्य चाळीसेक वर्षांचं धरतात. नव्या टाकायची तयारी चालू आहे.