क्लस्टर समतोल आहे म्हणे!

परवा रात्री अडीचला फोन वाजला. आमच्या टीममधला सगळ्यात जुना मुलगा. "सर, जॉब अडकलेत. मी म्हणालो होतो ना..."

म्हणाला होताच तो. झालं असं, की आमच्या हडूप क्लस्टरच्या प्रत्येक मशीनमध्ये ४ टीबीच्या ८ डिस्क होत्या, ८७ टक्के भरलेल्या. मागच्या महिन्यात तशाच ४ नव्या बसवल्या आणि बॅलन्सर चालवला. लगेच उत्तर आलं, 'द क्लस्टर इज बॅलन्स्ड.' एक बाइटही न हलवता! पोरगा म्हणाला, "सर, जुन्या डिस्क तशाच भरलेल्या दिसताहेत." मी म्हटलं, "अरे, तो म्हणतोय ना बॅलन्स्ड!" आणि साहेबांना 'काम झालं' अशी मेल ठोकून दिली.

बॅलन्सर खोटं बोलला नव्हता. तो फक्त मशीन-मशीनमधला फरक बघतो, आणि तो साधारण १० टक्क्यांच्या आत असला की गप्प बसतो. आमचं प्रत्येक मशीन सरासरी ५८ टक्के. आतल्या कुठल्या डिस्कचा जीव जातोय, हे तो बघतच नाही. शिवाय नवा डेटा पाळीपाळीने सगळ्या डिस्कवर जातो. म्हणजे भरलेलीच्या वाट्यालाही तेवढाच! जुन्या डिस्कनी नव्वदी ओलांडली, यार्नने त्या बाद केल्या, आणि नव्या डिस्क यार्नच्या यादीत घालायला मीच विसरलो होतो.

यावर औषध आहे. हडूप ३ मध्ये (२०१७) डिस्क बॅलन्सर आला, तो मशीनच्या आतल्या डिस्क सारख्या करतो. आधी प्लॅन, मग एक्झिक्यूट. पण त्याचा मूळ वेग सेकंदाला १० एमबी. एका मशीनमधले सव्वानऊ टीबी हलवायला जवळजवळ ११ दिवस! वेग वाढवला, नवा डेटा जास्त मोकळ्या डिस्कवर जाईल असं सेटिंग केलं, तेव्हा कुठे श्वास घेतला.

सकाळी चहा घेताना सहज रात्रीच्या फोनची यादी उघडली. यंदा टीममध्ये चार नवी माणसं आली. माणशी सरासरी महिन्याला दोन फोन. हाच आकडा मी मोठ्या अभिमानाने मीटिंगमध्ये दाखवला होता. आता नावानिशी मोजले. बहुतेक सगळे फोन त्या एकाच पोराला...

या महिन्याच्या रात्री मी आणि नवी मंडळी वाटून घेतोय. त्याला सॉरी म्हटलं. तो नुसता हसला आणि म्हणाला, "सर, आज फोन बंद करून झोपू ना?"