हजेरीपटावर नाव नसलेलं मशीन

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठीत लिहायचं म्हटलं की पेन जरा अडखळतं. शुद्धलेखनाकडे काणाडोळा करा आणि मुद्द्याकडे बघा, एवढीच विनंती!

आमच्या लॅबमध्ये एक सर्व्हर आहे. दिसायला एकच डबा, पण प्रॉक्समॉक्सच्या कृपेने त्याच्या पोटात १४ व्हर्च्युअल मशीन नांदतात. एकत्र कुटुंबच म्हणा ना! या टर्मला सरांनी मला काम दिलं : रोज रात्री १ वाजता यातल्या कोणाकोणाचा बॅकअप घ्यायचा ते ठरव. डिस्क मोजकी, सगळ्यांना जागा नाही.

ऐकायला सोपं. महत्त्वाच्या मशीनवर टिक करायची, झालं. पण महत्त्वाचं म्हणजे कोणतं? कॉलेज फेस्टच्या वेबसाइटचं मशीन सगळ्यांना माहीत. पण त्याचा कोड गिटवर आहे, ते एका दुपारीत पुन्हा उभं राहील. उलट कोपऱ्यातल्या एका मशीनवर एम.ई.च्या एका ताईची ८ महिन्यांची सेन्सर रीडिंग्ज. ती गेली तर? गेलेला पावसाळा काही कुणी परत आणून देत नाही. म्हणजे 'जास्त कोण वापरलं जातं?' हा प्रश्नच नाही. 'हे आज गेलं तर परत कुठून आणायचं?' हा खरा प्रश्न.

आता गंमत बघा. प्रॉक्समॉक्समध्ये 'निवडलेली घ्या' असा एक पर्याय आहे आणि 'निवडलेली सोडून बाकीची घ्या' असा दुसरा. आज दोन्हींतून एकच यादी निघेल. फरक पडतो तो उद्या कुणी नवीन मशीन बनवलं की. पहिल्यात ते आपोआप बाहेर, दुसऱ्यात आपोआप आत. शाळेत सिस्टर हजेरी घ्यायच्या, तेव्हा पटावर ज्याचं नावच नाही तो कधी गैरहजर लागायचा नाही! इथेही तेच. यादीत नसलेल्या मशीनची एरर येत नाही. सकाळचा रिपोर्ट आपला हिरवागार.

हे भल्याभल्यांचं होतं. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस डिलीट झाला. अझूरच्या डिस्क स्नॅपशॉटची सोय त्यांच्याकडे होती, पण ती फाइल सर्व्हरसाठी चालू होती, डेटाबेस सर्व्हरसाठी नाही. बाकीचे उपाय पुरेसे आहेत असं धरून चाललं होतं. तेही ऐनवेळी फसले. सुमारे ६ तासांपूर्वीची एक कॉपी नशिबाने सापडली, मधला डेटा गेला तो गेलाच.

म्हणून मी दुसरा पर्याय घेतला. फक्त ४ मशीन बाहेर ठेवली. प्रत्येकाचं कारण लिहिलं आणि मालकाची सही घेतली. एकाचा मालक काही सापडेना, बहुतेक पास होऊन गेलेला सिनियर असावा. मुलं म्हणाली, "उडव की!" पण जो हजर नाही त्याच्या वतीने 'नको' म्हणणारी मी कोण? ते आतच आहे. त्यापायी जुन्या कॉपीज ७ ऐवजी ५ दिवसांच्याच ठेवता येतात. चालेल!

सरांनी कागद वाचला आणि सर्व्हरच्या कपाटावर चिकटवायला सांगितला. आता पुढच्या महिन्यात एक मशीन रिस्टोअर करून बघायचंय. कुणाला यायचंय?