आईची सीडी उघडीच राहिली

‘काका, फायनलाइज केलं नव्हतं का?’ बोईसर स्टेशनजवळच्या दुकानातल्या मुलाने सहज विचारलं. तो प्रश्न अजून सलतो.

भावाने २००१ साली मस्कतहून सीडी रेकॉर्डर आणला होता. आई केळव्याची. वाडवळांच्या लग्नातली हळदीची, मांडवाची गाणी तिला तोंडपाठ. जुन्या कॅसेटी मी सीडीवर उतरवल्या, पुढची गाणी टेपच्या माइकमधून थेट यंत्रात घेतली. सीडी शंभर वर्षं टिकते असं विकणारा म्हणाला, म्हणून कॅसेटी भंगारात घातल्या. त्याचा राग येतो, पण पिशवी माझ्याच हाताने दिली होती.

फायनलाइज म्हणजे सीडीवर शेवटची अनुक्रमणिका लिहिणं. ती लिहिली की सीडी कुठल्याही प्लेअरवर वाजते, पण पुढे एक सेकंदही भरता येत नाही. तोवर तात्पुरती यादी आतल्या कडेला असते. ती रेकॉर्डरला वाचता येते, साध्या प्लेअरला नाही. तीन सीडी मी मुद्दाम उघड्या ठेवल्या. आईला भाजी निवडताना मधेच एखादं गाणं आठवायचं. ‘थांब, अजून एक आहे,’ म्हणायची. २००६ मध्ये ती गेली. त्यानंतर ते बटण दाबायला माझा हात धजला नाही.

मग यंत्र थकलं. लिहिताना लेझरला वाचण्यापेक्षा कितीतरी जास्त जोर लावावा लागतो, म्हणून आधी लिहिणं बंद पडलं. पुढे घरी भरलेल्या सीडीही ओळखेना. कंपनीत छापलेली सीडी जास्त चकाकते, तिच्यावरून उजेड चांगला परततो. त्यामुळे बाजारातली नाट्यगीतं खणखणीत वाजायची आणि आईची सीडी घातली की पडद्यावर ‘नो डिस्क’. मी सीडी पुसली, लेन्स पुसली, पुन्हा घातली. नो डिस्क. आईचा आवाज आत आहे हे मला ठाऊक, आणि यंत्र म्हणतंय काही नाहीच. एका दुरुस्तीवाल्याकडे चार खेपा घातल्या. लेझरचा सुटा भाग मिळत नाही, एवढंच उत्तर.

ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी आजच कॉम्प्युटरवर उतरवून दोन ठिकाणी ठेवाव्यात. कोऱ्या सीडीतला रंगाचा थर ऊन, उष्णता, दमट हवेने विटतो. आमच्याकडे खिडकीच्या ग्रिललाही दोन वर्षांत गंज चढतो.

बोईसरच्या त्या मुलाने जुन्या कॉम्प्युटरच्या रायटरमध्ये दोन उघड्या सीडी वाचून दिल्या, पैसेही घेतले नाहीत. तिसरीतली पहिली चार गाणी आली, पुढे नुसती खरखर. चौथ्याच्या शेवटी आई म्हणते, ‘बंद नको करू, आठवतंय.’ ती सीडी अजून फायनलाइज केलेली नाही. इतरांना सांगतो, उघडी ठेवू नका. माझ्याच्याने ते होत नाही.