घाणेरी

आपले नाव काय पडावे, हे कुणाच्याच हाती नसते. मोगऱ्याला मोगरा म्हणाले, जाईला जाई. आणि वाटेच्या कडेला जवळजवळ बारा महिने फुलणाऱ्या एका झुडपाला मात्र लोकांनी 'घाणेरी' म्हणून हाक मारली. कुठे कुठे तिला 'टणटणी' म्हणतात. ते निदान लाडाचे वाटते.

तिला ओळखणे अवघड नाही. चौकोनी, बहुधा काटेरी फांदी, समोरासमोर खरखरीत पाने, आणि इवल्या फुलांचा गुच्छ. खरी मौज त्या गुच्छातच. आतली ताजी फुले पिवळी, तर कडेची जुनी गुलाबी किंवा नारिंगी. मकरंद मुख्यतः पिवळ्या फुलांत, आणि फुलपाखरांना हे बरोबर ठाऊक असते. एवढ्यानेही खात्री पटली नाही, तर पान चुरगळून हुंगावे. नावाचा उलगडा होतो!

परवा वर्गात मी म्हटले, "ज्ञानेश्वरीत हिला शोधू नका. ही मूळची अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साहेबाने शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आणली. पुढे बुलबुलांनी तिची काळी फळे खाऊन बी रानोरान नेले."

"पण सर," एक मुलगी म्हणाली, "मिरचीही अमेरिकेचीच. बटाटाही, तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला. त्यांना कुठे आपण परके म्हणतो?"

प्रश्न बिनतोड होता. उत्तर दिले ते मागच्या बाकावरच्या, मावळातून येणाऱ्या मुलाने.

"मिरची लावू तिथंच राहते, सर. ही आमच्या गायरानात शिरली आणि खाली गवतच उरलं नाही. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत. भुकेनं लावलंच, तर कावीळ होते, उन्हात कातडी सोलते. आमची एक गाय गेली तशी."

वर्ग गप्प झाला. परकेपणाची इतकी चोख व्याख्या मी कुठल्या ग्रंथात वाचली नव्हती. कोण कुठून आले, हा प्रश्नच नव्हे. आल्यावर शेजाऱ्याला जगू दिले का, एवढेच पाहायचे.

"मग छाटा की!" कुणी तरी म्हणाले.

"छाटून काय उपयोग? बुडखा राहिला की पुन्हा फुटते. मुळापासून खणावी लागते."

दिवाळीच्या सुटीत कुदळी घेऊन त्याच्या गायरानावर जायचे मुलांनी ठरवले आहे. मीही जाणार आहे. फुलपाखरांची थोडी काळजी वाटते, नाही असे नाही. पण गवताला जागा मिळाली, तर पुढच्या पावसाळ्यात तेरडा येईल, मागोमाग सोनकी. फुलपाखरांना त्यांचाही पत्ता ठाऊक आहे.