नावाड्याच्या मागे लागलेली बाई

ती. आत्यास,


तुझं गाणं सापडलं. ‘नाविका रे’. आणि ते लताचं नाही, सुमन कल्याणपूरांचं आहे. तेव्हा आधी चहा घे, मग पुढचं वाच.

तू फोनवर गुणगुणून पाठवलंस तो अंतरा, तोही कुकरच्या शिट्ट्यांसकट. गाण्यांच्या याद्या मुखड्यावरून लागतात, अंतऱ्याला तिथे कुणी विचारत नाही. वर ‘लताच, दुसरं कोण?’ हे तुझं टुमणं. लता आणि नाव म्हटल्यावर मी शांताबाई शेळक्यांची कोळीगीतं पाठवली. तू म्हणालीस, “समुद्र नको गं. ही बाई घाईत आहे, नावाड्याच्या मागे लागलीये.” जालन्यात कुंडलिकेवर कसली आलीये नाव! तुझ्या डोळ्यांपुढे आपल्या शहागडची गोदावरी होती, हो ना? मग लताला बाजूला ठेवलं, सुमनताईंची यादी काढली आणि ‘न’पाशीच थांबले.

तुझ्या कानाला हसत नाही. रेडिओवर भल्याभल्यांची ही गल्लत व्हायची. निवेदक नाव एकदाच सांगणार. नेमकी तेव्हाच दारात दूधवाल्याची हाक आली की संपलं. राहिलेली जागा आपण मनाने भरायची आणि मनात लताच. सुमनताईंचं नशीब बघ, राज्य सरकारने गौरव केला तोही लता मंगेशकर पुरस्कार देऊन! पद्मभूषण मिळालं २०२३ मध्ये. लोक त्यांना लताची सावली म्हणतात, ते मला पटत नाही. त्यांचा आवाज मऊ, शब्दही कसा अलगद ठेवतात. प्रेमाच्या गाण्यात मला तर तोच हवा.

खरी गंमत पुढेच आहे. संगीत अशोक पत्कींचं, शब्द अशोकजी परांजपे यांचे. ‘केतकीच्या बनी तिथे’ही या दोघांचंच. परांजपे मूळचे सांगलीकडचे, लोककलांत रमलेले. शेवटची वर्षं मात्र औरंगाबादला राहिले आणि २००९ मध्ये तिथेच गेले. तू लग्न होऊन आलीस तेव्हा जालना त्याच जिल्ह्यात होतं, १ मे १९८१ ला वेगळा जिल्हा व्हायचा होता. पुढे दवाखान्यासाठी तू औरंगाबादच्या किती खेपा घातल्यास! गाणं लिहिणारा तेव्हा त्याच गावात होता आणि तू विचारलंस आता मला, पुण्यात.

दोन्ही गाणी पेनड्राइव्हवर भरून दादाबरोबर पाठवते. पहिल्यांदा ऐकताना शेजारच्या काकूंना बोलावू नकोस, त्या लताच म्हणतील आणि तू पुन्हा मला फोन करशील.

तुझी,
भाची