ताईचीं दोन छायाचित्रें

मनुष्याला साऱ्या जगाचीं मुखें दिसतात. स्वतःचें मात्र कधींच दिसत नाहीं. त्यासाठीं आरसा किंवा छायाचित्र यांपैकीं एकाची साक्ष काढावी लागते. आरसा आपल्या ओळखीचा असतो. त्याच्यापुढें उभें राहतांना आपण नकळत मान तिरपी करतों, ओठ आवळतों, आणि त्याची साक्ष आपल्या बाजूची करून घेतों. छायाचित्र असें वश होत नाहीं. एका निमिषांत जें दिसलें तें तें लिहून ठेवतें, आणि लिहिलेलें वर्षानुवर्षें तसेंच राहतें.

ह्या करड्या साक्षीदाराशीं माझा सामना गेल्या वैशाखांत झाला. आमच्या ताईच्या लग्नाचीं बोलणीं घरांत सुरू होतीं, आणि नांदेडकडील एका स्थळानें तिचा फोटो मागविला होता. ताईचा वर्ण सांवळा. तो तिला आमच्या आजीकडून आला आहे, आणि आजीला तिच्या आईकडून. घरांत ह्या वर्णाची चर्चा पूर्वीं कधीं झाल्याचें मला आठवत नाहीं. परंतु फोटो पाठविण्याचें ठरलें आणि एका दिवसांत सर्वांनाच त्याची आठवण झाली. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "थोडी उजळ दिसली तर काय बिघडतें? फोटोच तर आहे." आई कांहीं बोलली नाहीं, आणि तिचें न बोलणें म्हणजे संमति, असा अर्थ आम्ही सर्वांनीं आपल्या सोयीनें घेतला.

कामगिरी माझ्याकडे आली, कारण शाळेच्या स्नेहसंमेलनांत नाटकांतील मुलींचीं तोंडें रंगविण्याचा एका वर्षाचा अनुभव माझ्या गांठीं होता. तेवढ्या भांडवलावर मी स्वतःला त्या विद्येंतील पंडिता समजत होतें. ताईच्या वर्णाहून दोन छटा फिकें फाउंडेशन मीं आणविलें, त्यावर पावडरीचा जाड थर दिला, आणि ओठांना गडद लाली लावली. धर्माबादचा वैशाख कसा असतो हें येथील वाचकांना सांगावयास नको. बाजारांत मिरचीचीं पोतीं तापत असतात आणि वाऱ्याबरोबर त्यांचा ठसका घरापर्यंत येतो. अशा दुपारीं, पावडर उडूं नये म्हणून पंखा बंद करून, मीं ताईला पाऊण तास बसवून ठेवलें. तिच्या कपाळावर घाम येई आणि मी त्यावर पावडर टाकीं. पुन्हां घाम येई आणि मी पुन्हां पावडर टाकीं. आजी दारांतून डोकावून म्हणाली, "अगं, लेकीला चुना लावायलीस का?" आम्ही सर्व हंसलों. ताई हंसली नाहीं. हंसल्यास थराला चीर पडेल अशी ताकीद मींच तिला दिली होती.

बाजारांतील छायाचित्रकार मामांना घरीं बोलाविलें होतें. त्यांनीं ताईकडे पाहून किंचित् मान हलविली. पण माझा उत्साह पाहून ते गप्प राहिले, आणि फ्लॅश लावून त्यांनीं फोटो काढला.

तो फोटो हातांत आला तेव्हां क्षणभर कोणी बोललें नाहीं. चेहरा राखेसारखा पांढुरका. नाक व कपाळ तेल लावल्यासारखें चकाकणारें. मान मूळच्या रंगाची. आणि मांडीवर ठेवलेले हात तर दुसऱ्याच कोणाचे. ताईनें तो बराच वेळ निरखून पाहिला आणि शांतपणें म्हटलें, "ही मुलगी त्यांना पसंत पडली तर मीं काय करावें? ती त्यांच्या घरीं जाईल, आणि मी येथेंच राहीन."

ताई विनोदानें बोलली असें आईला वाटलें. मला तसें वाटलें नाहीं. तिला सुंदर करावयास मी निघालें होतें, आणि तिच्याच फोटोंतून मीं तिला घालवून दिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मी एकटीच मामांच्या दुकानीं गेलें. त्यांनीं रागें न भरतां मला सर्व समजावून दिलें. पावडरींत व फाउंडेशनमध्यें झिंक ऑक्साइड, टायटॅनियम डायऑक्साइड अशीं पांढरीं द्रव्यें पुष्कळदां असतात. साध्या उजेडांत तीं डोळ्यांना खुपत नाहींत. परंतु फ्लॅशचा झोत समोरून येऊन त्यांवर आदळला कीं तो तसाच कॅमेऱ्याकडे परततो, आणि चेहरा पिठानें माखल्यासारखा उमटतो. घामाचा ओलावा जेथें असेल तेथें तोच झोत आरशासारखा चमकतो. हें सांगून ते म्हणाले, "पोरी, तूं रंग बदलत बसलीस. आधीं उजेड बदलायचा असतो."

हें एक वाक्य घेऊन मी घरीं आलें, आणि ह्या विद्येविषयीं मिळेल तें वाचूं लागलें. तेव्हां कळलें कीं आमचा मुलूख ह्या कलेला मुळींच नवखा नाहीं. धर्माबाद १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें, आणि ज्या सिकंदराबादेला आमची रेल्वे जाते तेथें लाला दीनदयाळ ह्या विख्यात छायाचित्रकाराची चित्रशाळा होती. ते सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार. त्यांनीं १८९२ मध्यें हैदराबादेस केवळ स्त्रियांसाठीं एक निराळी चित्रशाळा उघडली व तिची व्यवस्था एका इंग्रज बाईंकडे सोंपविली; हेतु हा कीं, पडद्यांतील स्त्रियांनाहि निःसंकोचपणें आपली छबी काढवून घेतां यावी. म्हणजे आपलें मुख कागदावर उमटलेलें पाहण्याची इच्छा पडद्याआडहि होतीच. त्या काळच्या चित्रशाळांतून छताला किंवा भिंतीला मोठमोठ्या कांचा बसवून आकाशाचा सौम्य उजेड आंत घेत. मामांचें वाक्य इतकें जुनें होतें!

दुसरी गोष्ट वाचली ती मनाला अधिक लागली. दादासाहेब फाळके यांचा "राजा हरिश्चंद्र" १९१३ मध्यें प्रकाशित झाला. त्यांत तारामतीचें काम अण्णा साळुंके या पुरुषानें केलें होतें. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. ओठांची लाली पडद्यावर काळी उमटे, आणि तांबूस किंवा सांवळी त्वचा असेल त्याहून पुष्कळच काळी दिसे. म्हणून नटांना तोंडावर फिक्या रंगाचे थर द्यावे लागत. सर्व रंग ग्रहण करणारी फिल्म १९३० च्या सुमारास सर्वत्र रूढ झाली. पुढें रंगीत फिल्म आली, तेव्हांहि छपाईचे रंग जुळवून पाहण्यासाठीं जीं नमुन्याचीं चित्रें वापरीत, त्यांत बहुधा गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तात्पर्य, दृष्टीचा दोष कॅमेऱ्याचा होता आणि तो मारला गेला चेहऱ्याच्या माथीं. कॅमेऱ्याचा दोष आतां पुष्कळ अंशीं गेला आहे. आपली समजूत मात्र अद्याप गेलेली नाहीं.

माझी स्वतःची चूकहि मला उमगली. मीं ताईला जी रंगभूषा केली ती नाटकाची होती. रंगमंचावर नटाचें मुख शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला दिसावयाचें असतें. म्हणून तेथें भुंवया जाड, ओठ लाल आणि गाल गुलाबी करावे लागतात. बालगंधर्वांनीं स्त्रीभूमिकांनीं महाराष्ट्राला मोहून टाकलें तें अशाच दीपांच्या झगमगाटांत. कॅमेरा मात्र चार हातांवर येऊन बसतो, आणि त्याला त्वचेवरील रोमरंध्रेंहि दिसतात. दुरून पाहणाऱ्यासाठीं केलेला शृंगार जवळून पाहणाऱ्याला सोंग वाटतो.

लवकरच लग्नसराई येईल, शाळेचें संमेलन येईल, परीक्षेच्या अर्जासाठीं फोटोहि काढावे लागतील. म्हणून जें मी ठेंच लागून शिकलें तें माझ्या भगिनींसाठीं येथें लिहितें. प्रथम चेहरा गार पाण्यानें धुवून टिपून घ्यावा, आणि घाम पूर्ण निवाल्याखेरीज त्यावर कांहींहि लावूं नये. फाउंडेशनची छटा मनगटावर पाहूं नये. ती जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडांत लावून पाहावी. जी छटा लावतांच दिसेनाशी होते ती आपली. ती पातळ लावावी, आणि कानापर्यंत व मानेवर विरवीत न्यावी. पावडर सबंध तोंडाला नको. नाक, कपाळ व हनुवटी एवढ्यापुरती पुरे. घाम आल्यास आधीं मऊ रुमालानें टिपावा, मग पावडरीचा हात फिरवावा. ओठांना त्यांच्या मूळ रंगाहून किंचित् गडद छटा शोभते, कारण प्रखर प्रकाशांत रंग थोडा उतरतो. काजळाची रेघ बारीक असावी. आपलें काजळ व लाली दुसरीला देऊं नये, कारण त्यांतून डोळ्यांचे व ओठांचे संसर्ग पसरतात. नवें प्रसाधन समारंभाच्या दिवशीं प्रथमच लावूं नये. दोन दिवस आधीं कोपराच्या आंतील बाजूस लावून पाहावें. रात्रीं निजण्यापूर्वीं सर्व धुवून काढावें.

आतां उजेडाविषयीं. माध्यान्हीचें ऊन किंवा डोक्यावरचा दिवा डोळ्यांखालीं खळगे पाडतो. सकाळीं किंवा दिवस कलल्यावर सावलींत, खिडकीकडे अथवा मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभें राहावें; चेहरा आपोआप उजळतो. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर व निदान चार-पांच हात दूर असावा. मोबाइल तोंडाजवळ धरला कीं नाक मोठें आणि कान लहान दिसतात; त्यांत नाकाचा अपराध नसतो. आणि भिंग पदरानें पुसून घ्यावें. अर्धी धूसरता तेथेंच जाते.

एक गोष्ट मात्र पालकांनीं अवश्य वाचावी. गोरें करण्याचें वचन देणाऱ्या कांहीं मलमांत पारा सांपडलेला आहे. तो त्वचेंतून शरीरांत शिरून मूत्रपिंडांना व मज्जासंस्थेला अपाय करतो. भारतांत २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनीं अशा पारायुक्त प्रसाधनांना मनाई केली आहे. वैद्याच्या सल्ल्यावांचून वापरलेलीं स्टेरॉइडयुक्त मलमें त्वचा पातळ करतात. आणि हा सर्व खटाटोप कशासाठीं? वर्ण ज्या द्रव्यामुळें येतो तें मेलॅनिन उन्हाच्या दाहापासून आपलें रक्षण करतें. आजीनें ज्या उन्हांत शेतें निंदलीं त्या उन्हापुढें हेंच तिचें चिलखत होतें. तेंच चिलखत ताईच्या अंगावर आहे, आणि मीं तें पावडरीखालीं पुरावयास काढलें होतें.

त्याच आठवड्यांत आम्ही दुसरा फोटो काढला. संध्याकाळचे पांच वाजले होते. ताईनें तोंड धुतलें, बारीक काजळ घातलें, टिकली लावली, आणि ओसरीच्या कडेला ती अंगणाकडे तोंड करून उभी राहिली. मीं फक्त तिच्या नाकावरचा घाम टिपला. आजी खाटेवरून म्हणाली, "आतां कशी माझी नात दिसायलीस!" ताई हंसली, आणि मामांनीं तोच क्षण टिपला.

तोच फोटो पाठविला. यथाकाल पाहुणे आले. दारांत ताई आणि आमची चुलतबहीण अशा दोघी उभ्या होत्या. पाहुण्यांतील एक वृद्ध बाई, कोणी कांहीं सांगण्यापूर्वींच, सरळ ताईजवळ आल्या आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "तूंच ती." पुढें तें स्थळ जुळलें नाहीं. त्याचीं कारणें नोकरीच्या गांवासंबंधीं होतीं. परंतु त्या दिवशीं ताई मान वर करून बसली होती हें मीं पाहिलें आहे.

आतां तो फोटो आमच्या बैठकींत, आजीच्या तरुणपणच्या काळ्यापांढऱ्या फोटोशेजारीं लावलेला आहे. नवखा पाहुणाहि त्या दोघींकडे पाहून विचारतो, "ही त्यांची नात ना?" पहिला फोटो मीं माझ्या पुस्तकांत ठेवला आहे. रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं तो एकदां पाहतें, आणि मग उठून प्रथम खिडकी उघडतें.