तक्रार कोणी लिहावी?

महाविद्यालयाची सुरक्षितता म्हटली की फाटकावरचा पहारेकरी, ओळखपत्रे आणि हल्ली कॅमेरे डोळ्यांसमोर येतात. ती व्यवस्था हवीच. पण इतकी वर्षे मराठी शिकवल्यावर माझा अधिक भरवसा आहे तो हजेरीपटावर. जुलैत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा ऑगस्टमध्ये मागच्या भिंतीशी जाऊन बसतो. वसतिगृह आवारातच, तरी पहिल्या तासाला उशिरा येतो, पेंगतो; मधल्या सुट्टीत वह्या उतरवत बसतो आणि त्या वह्यांवर नावे असतात वरच्या वर्गातील मुलांची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार नवख्याकडून स्वतःचा अभ्यास करवून घेणे हेदेखील रॅगिंगच. कॅमेऱ्याला मात्र त्यात एक अभ्यासू मुलगा दिसेल.

असा एक विद्यार्थी तास संपल्यावर माझ्यापाशी रेंगाळला. वृत्तांविषयी काहीबाही विचारीत राहिला आणि अखेरीस वसतिगृहातील रात्रींबद्दल बोलला. लगेच म्हणाला, "सर, माझं नाव कुठं येऊ देऊ नका." शिक्षकाने असे वचन सहजासहजी देऊ नये. चारचौघांत बोभाटा न करणे वेगळे आणि गप्प बसणे वेगळे. मी म्हणालो, "तुला सांगितल्याशिवाय काही करणार नाही, पण काहीच केलं नाही, असंही होणार नाही."

महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यातील एक तरतूद अशा वेळी फार मोलाची वाटते. लेखी तक्रार विद्यार्थी करू शकतो, पालक करू शकतात, तशीच शिक्षकही करू शकतो. संस्थाप्रमुखाने सात दिवसांच्या आत चौकशी करावयाची. सकृद्दर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवावयाची. त्यात हयगय केली, तर त्या गुन्ह्याला साहाय्य केल्याचा ठपका प्रमुखावरच येतो. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असतील, कोणी पालक; भेदरलेल्या मुलाच्याच हाती लेखणी द्यावी, असे कायदा म्हणत नाही.

"कशाला अंगावर ओढवून घेता?" एका सहकाऱ्याने विचारले. प्रश्न काळजीपोटी होता, म्हणून उत्तर दिले नाही. मुलाला दाखवून तक्रार माझ्या सहीने लिहिली, दोन प्रती काढल्या आणि दुसरीवर कार्यालयाची पोहोच, शिक्का व तारीख घेतली. सात दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.